गेलेल्याचं नाव, आलेल्याला

१६८८ च्या फेब्रुवारीत बोस्टनमध्ये जोसाया फ्रँकलिन नावाच्या एका कारागिराच्या घरी मुलगा झाला. जोसाया मेणबत्त्या आणि साबण करून विकायचा. मुलाचं नाव ठेवलं जोसेफ. काही दिवसांतच तो गेला. पुढच्या वर्षी जूनअखेरीस बायको ॲन पुन्हा बाळंत झाली, पुन्हा मुलगाच झाला आणि त्याचंही नाव जोसेफच ठेवलं. बाळंतपणानंतर दीडेक आठवड्यात ॲन वारली. तिच्या पाठोपाठ हा दुसरा जोसेफही गेला. नोव्हेंबरात जोसायाने दुसरं लग्न केलं. त्या बायकोला दहा मुलं झाली. त्यांतला एक म्हणजे विजेवर प्रयोग करणारा आणि अमेरिकेच्या शिल्पकारांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन. बेंजामिनचं चरित्र सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दोन जोसेफांपाशी मात्र फारसं कोणी थांबत नाही.

जुन्या वंशावळी चाळताना असं काही समोर आलं की आधी लेखनिकाचा हात घसरला असावा अशी शंका येते. पण मॅसॅच्युसेट्समधल्या जुन्या गावांचे जन्म-मृत्यूचे कागद काढले तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं. एक सारा गेली की पुढची मुलगी सारा. तीही गेली तर तिच्या पाठची पुन्हा सारा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये गेलेल्या भावंडाचं नाव पाठच्या बाळाला देणं ही रीतच होती. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरबा म्हणायचे. हे पोर कवडीमोलाचं आहे असं यमाला वाटावं आणि त्याने पुढच्या दाराला जावं, हा त्यातला हेतू. तिथल्या आया नेमकं उलट करत. मृत्यू ज्या नावाला एकदा हाक मारून घेऊन गेला, तेच नाव त्या पुन्हा पाळण्यातल्या बाळाच्या कानावर घालत. याला धीर म्हणावं की हट्ट, हे मला अजून ठरवता येत नाही. पण या रीतीचा माग काढत गेलं की त्या काळच्या बायकांचं दुःख आणि त्यांची आशा एकाच घरात, एकाच नावाखाली कशा नांदत होत्या हे दिसू लागतं.

आधी मृत्यूचं बघू. न्यू इंग्लंडची थंड हवा त्या मानाने बरी. दक्षिणेला व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये हिवतापाने माणसं पटापट जायची, इतकी की तिथे एका बाईने दोन-तीनदा लग्न करणं नेहमीचं झालं होतं. फ्रान्सिस कल्पेपर नावाच्या एका बाईचे तर तिन्ही नवरे कुठल्या ना कुठल्या वसाहतीचे गव्हर्नर होते. पण उत्तरेतही साथ आली की गावं रिकामी होत. १७३५ साली न्यू हॅम्पशरमधल्या किंग्स्टन गावात घशाचा एक रोग सुरू झाला. आज आपण त्याला घटसर्प म्हणू. हॅम्प्टन फॉल्स या शेजारच्या छोट्या गावात वीसेक घरं अशी होती की त्या घरांतलं एकही मूल उरलं नाही. हा रोग मोठ्यांना सहसा सोडून द्यायचा. आईबाप धडधाकट, आणि अंगण ओस.

त्यानंतर चौतीस वर्षांनी तोच रोग मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावात आला. १७ जून ते ५ जुलै १७६९ या एकोणीस दिवसांत मार्था बॅलर्ड या बाईच्या तीन मुली गेल्या. सर्वांत मोठी आठ वर्षांची होती. मार्था तेव्हा पोटुशी होती, आणि महिन्याभरातच तिला आणखी एक मुलगी झाली, हॅना. पुढे हे कुटुंब मेन प्रांतातल्या हॅलोवेल या नदीकाठच्या वस्तीत गेलं. तिथे मार्था सुईण झाली आणि १७८५ पासून १८१२ मध्ये मरेपर्यंत रोज डायरी लिहीत राहिली. त्या सत्तावीस वर्षांत तिने ८१६ बाळंतपणं केली. हिवाळ्यात गोठलेली केनेबेक नदी ओलांडून जायचं, उन्हाळ्यात होडीतून. बाळंतपण करणारे हातच गावात कोणी गेलं तर प्रेताला अंघोळ घालून कपडे चढवत. डायरीत ती हवा, माग, बागेतली भाजी, कोणी किती पैसे दिले, हेच लिहिते. रडारड नाही. पण १७ जून आला की मध्येच एक ओळ येते: ट्रायफीनाला जाऊन आज इतकी वर्षं झाली. तिचं वयसुद्धा वर्षं-महिन्यांसकट लिहिलेलं असतं. मधल्या नोंदी मात्र तिच्या जिवंत मुलींच्या कामाच्या आहेत, आणि त्या मुलींत एक आहे डॉली, म्हणजे डॉरथी. १७६९ मध्ये गेलेल्या तीन बहिणींत एक दोन वर्षांची डॉरथी होती. ही दुसरी डॉरथी तिच्यानंतर तीन वर्षांनी जन्मली आणि म्हातारी होऊन मेली.

इथे माझ्या मनात कुतूहल फार वाढतं. मार्था अंगणातून ‘डॉली’ म्हणून हाक मारत असेल तेव्हा कोणती डॉरथी डोळ्यांपुढे येत असेल? डायरी याचं उत्तर देत नाही. पण एवढं नक्की की मेलेलीची तारीख तिने शेवटपर्यंत लक्षात ठेवली होती. म्हणजे नाव पुन्हा देणं हे विसरण्याचं औषध नव्हतं. आणि गंमत अशी की मार्था गेल्यावर ती डायरी डॉलीच्या घरी राहिली. डॉलीच्या मुलींनी ती जपली आणि १८८४ साली मार्थाच्या खापरपणतीला, मेरी होबार्टला दिली. ती नुकतीच डॉक्टर झाली होती. लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी पुढे याच कागदांवर एक ग्रंथ लिहिला आणि १९९१ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

न्यू इंग्लंडच्या प्युरिटन लोकांत दुःख करण्यालाही शिस्त होती. मूल गेलं की ते देवाने दिलेलं देवाने परत घेतलं, आणि त्यावर फार आकांत करणं म्हणजे देवाच्या निवाड्यावर हरकत घेणं. सुरुवातीच्या काळात तर दफनाच्या वेळी प्रार्थनाही करत नसत, कारण मेलेल्यासाठी प्रार्थना हा त्यांच्या लेखी कॅथलिक खुळचटपणा. घंटा वाजायची, लोक गप्पपणे मातीला जायचे, घरी परतायचे. पण माणसांना काहीतरी करायला लागतंच. मग हातमोजे आले. मर्तिकाचं बोलावणं म्हणून हातमोज्यांची जोडी पाठवायची. जवळच्यांना शोकाची अंगठी. बोस्टनचा एक धर्मोपदेशक अँड्र्यू एलियट याच्याकडे बत्तीस वर्षांत जवळपास तीन हजार जोड्या साठल्या, आणि त्याने त्या विकून टाकल्या. हा खर्च इतका वाढला की वसाहतीच्या विधिमंडळाला मर्तिकातल्या देण्याघेण्यावर कायदे करावे लागले. जिथे अश्रूंना मज्जाव होता तिथे हातमोज्यांना कायदाच आवरायला लागला, हे मला फार मानवी वाटतं.

या शिस्तीत राहून धुमसत लिहिणारी बाई म्हणजे ॲन ब्रॅडस्ट्रीट. १६३० साली ‘आर्बेला’ जहाजातून ती मॅसॅच्युसेट्सला आली. आठ मुलांची आई झाली. तिच्या कवितांचं पुस्तक १६५० साली लंडनमध्ये छापलं गेलं. आयुष्याच्या शेवटी शेवटी, १६६५ ते १६७० या पाच वर्षांत, तिचा मुलगा सॅम्युएल याची तीन मुलं आणि मग सूनही गेली. त्यातल्या एका नातीचं नाव ॲन ब्रॅडस्ट्रीट होतं. म्हणजे स्वतःच्याच पूर्ण नावाचा मथळा घालून आजीने तीन वर्षं सात महिन्यांच्या पोरीवर विलापिका लिहिली. या कवितांत ती सगळं शास्त्राप्रमाणे म्हणते: देव शहाणा आहे, आपण गप्प बसावं. पण नातू सायमन महिन्याचा होऊन गेला त्या वेळच्या कवितेत देव दयाळू आहे असं ‘म्हणूया’ असा तिचा सूर आहे. त्या आज्ञाधारक ओळींमागे दात आवळल्याचा आवाज अनेक अभ्यासकांनी ऐकला आहे, आणि मलाही तो ऐकू येतो. तिची आशा मात्र खोटी नव्हती. पोरगी स्वर्गात आहे आणि आपणही लवकरच तिथे जाऊ, यावर तिचा खरोखर विश्वास होता. राग आणि विश्वास एकाच माणसात राहू शकतात, हे तिने कडव्याकडव्यात दाखवून ठेवलं आहे.

आता जी गोष्ट सांगतो ती वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो होतो.

१० फेब्रुवारी १६७६. इंग्रज वसाहती आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटलं होतं. वॅम्पनोआगांचा प्रमुख मेटाकॉम याला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत. त्या सकाळी लँकेस्टर गावावर हल्ला झाला. धर्मोपदेशकाची बायको मेरी रोलँडसन हिच्या कुशीला गोळी चाटून गेली, आणि तीच गोळी कडेवरच्या सहा वर्षांच्या साराच्या पोटात आणि हातात घुसली. दोघींना कैद करून बर्फातून नेलं. नऊ दिवसांनी सारा आईच्या मांडीवर गेली. मेरी रात्रभर मेलेल्या लेकीला कवटाळून पडली. सकाळी तिला मालकाच्या झोपडीत बोलावलं आणि प्रेत मागे ठेवायला लावलं. परत येऊन तिने विचारलं तेव्हा त्यांनी टेकडीवर नेऊन नुकतीच उकरलेली माती दाखवली. साराला त्यांनीच पुरलं होतं. हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण मेरीने ते पुढे लिहिलं. वीस पौंडांची खंडणी भरून सुटल्यानंतर सहा वर्षांनी, १६८२ साली, तिचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षात ते बोस्टन, केंब्रिज आणि लंडन अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा छापावं लागलं.

मेरी जिच्या ताब्यात होती ती बाई वीटामू. पोकॅसेट लोकांची ती स्वतः प्रमुख. मेटाकॉमचा थोरला भाऊ वॅम्सुटा हा तिचा आधीचा नवरा. १६६२ साली इंग्रजांनी त्याला चौकशीला नेलं आणि त्यानंतर लगेच तो मेला. त्याच्या लोकांना विषप्रयोगाचा संशय होता. मेरीच्या पुस्तकात वीटामू एक गर्विष्ठ, नटवी, चिडकी बाई आहे. आणि मग मध्येच, थोडक्या वाक्यांत, वीटामूचं तान्हं मूल आजारी पडतं आणि त्या रात्रीच मरतं. मेरी नोंद करते की यात एक फायदा झाला, झोपडीत जागा झाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बायका वीटामूपाशी जमून आक्रोश करत, आणि मेरी कबूल करते की आपल्याला त्यांच्यासाठी फारसं काही वाटलं नाही.

काही आठवड्यांच्या अंतराने, एकाच युद्धात, दोन बायकांचं मूल गेलं. त्यांतली एक दुसरीची कैदी होती. एकीला आपल्या धर्माने मोठ्याने रडायला मनाई केलेली, दुसरीसाठी अख्खी वस्ती गळा काढून रडत होती. दोघींमध्ये सांत्वनाचा एक शब्दही झाला नाही. मेरी निर्दयी होती असं मला म्हणवत नाही. तिच्या लेकीच्या पोटातली गोळी याच लोकांच्या बंदुकीतली होती. आणि वीटामूचं मूल थंडीत, उपासमारीत, इंग्रज सैन्य पाठलागावर असताना गेलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वीटामू नदी ओलांडताना बुडाली. इंग्रजांनी तिचं मस्तक टॉन्टन गावात खांबावर लावलं, आणि ते पाहून तिथले कैदी पुन्हा तसाच आक्रोश करू लागले. मेरीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर, सुटका होऊन घरी सुखरूप आल्यावरही, रात्री सगळे झोपले की तिला झोप लागत नाही आणि ती रडते. आज आपण त्याला काहीतरी वैद्यकीय नाव देऊ. तिने त्याचा अर्थ देवाची परीक्षा असा लावला. त्या अर्थातच तिची आशा होती.

पश्चिमेला इरोक्वॉय संघातल्या सेनेका लोकांकडे रिकाम्या जागेचं काय करायचं याचा फार वेगळा विधी होता, आणि तो बायकांच्या हाती होता. कुळातलं कोणी मेलं की कुळाच्या वडीलधाऱ्या बायका पुरुषांना सांगू शकत: त्याच्या जागी माणूस आणा. लढाईतून कैदी आणला जायचा. कधी त्याला हाल करून मारलं जाई. पण कधी त्याला न्हाऊ घालून, नवे कपडे घालून, मेलेल्याचं नाव किंवा स्थान त्याला दिलं जाई आणि त्या क्षणापासून तो तीच व्यक्ती मानला जाई.

मेरी जेमिसन ही पेनसिल्व्हेनियातल्या स्थलांतरितांची मुलगी. तिचा जन्मच अटलांटिकवरच्या जहाजात झालेला. १७५८ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, ती घरच्यांसह पकडली गेली. कैद झाल्यानंतर थोड्याच वेळात तिला बाकीच्यांपासून वेगळं केलं. निरोप घेताना आई म्हणाली, तुझं नाव विसरू नकोस, तुझी भाषा विसरू नकोस, प्रार्थना म्हणत राहा. पुढच्या मुक्कामावर शेकोटीपाशी टाळूची कातडी वाळवत होते, आणि लाल केसांवरून मुलीने आईला ओळखलं. ओहायो नदीकाठी तिला दोन सेनेका बहिणींच्या हवाली केलं. त्यांचा भाऊ लढाईत गेला होता. त्यांनी तिचे फाटके कपडे नदीत फेकले, तिला आंघोळ घातली, नवीन पोशाख चढवला. मग वस्तीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या आणि त्या भावाच्या नावाने रडू लागल्या. रडता रडता हळूहळू सूर बदलला. शोक संपला आणि बहिणींनी तिला आपलं म्हटलं. मेरीने पुढे म्हातारपणी सांगितलं की त्या बहिणींनी तिला सख्ख्या बहिणीसारखं वागवलं.

ती परत गेली नाही. संधी आली तेव्हाही गेली नाही. तिचं पहिलं बाळ, एक मुलगी, दोन दिवसांतच गेलं. पुढच्या मुलाचं नाव तिने थॉमस ठेवलं. तिच्या मारल्या गेलेल्या वडिलांचं ते नाव. म्हणजे सेनेका झालेली ही बाई, आईने बजावल्याप्रमाणे, आपल्या मूळ घराचंही एक नाव जगात ठेवून होती. पुढचं आयुष्य मात्र भयंकर. तिच्या जॉन या मुलाने १८११ साली थॉमसला आणि पुढच्या वर्षी जेसी या भावाला मारलं, आणि काही वर्षांनी जॉनचाही खून झाला. मारणारा आणि मेलेला, दोघांचीही आई तीच. तिने ही सगळी हकिकत १८२३ साली एका डॉक्टरला सांगितली आणि ती पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने छापली गेली. मेरी जेमिसन १८३३ साली वारली.

न्यू इंग्लंडच्या आया आणि सेनेका बहिणी एकमेकींना रानटी किंवा परक्या समजत होत्या. दोघींनीही जागा रिकामी ठेवली नाही, एवढं मात्र खरं.

पण नाव भरून काढायची मुभाच ज्यांना नव्हती त्यांचं काय? ११ जुलै १७६१ रोजी बोस्टन बंदरात ‘फिलिस’ नावाचं गुलामांचं जहाज लागलं. त्यातल्या एका मुलीचे पुढचे दात पडत होते, त्यावरून ती साताठ वर्षांची असावी असा अंदाज बांधला गेला. जॉन व्हीटली नावाच्या शिंप्याने आपल्या बायकोसाठी तिला विकत घेतलं. जहाजाचं नाव तिला दिलं आणि आडनाव मालकाचं. तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव कोणत्याच कागदावर नाही. थोड्याच वर्षांत ही फिलिस व्हीटली इंग्रजीत कविता लिहू लागली, आणि १७७३ साली लंडनमध्ये तिचा संग्रह निघाला. त्या संग्रहातल्या सुमारे एक तृतीयांश कविता विलापिका आहेत. बोस्टनमधल्या कोणाचं मूल गेलं, कोणाचा नवरा गेला, की या मुलीने त्यांच्यासाठी सांत्वनाची कविता लिहावी. तिच्या विलापिकांत मेलेलं मूल स्वर्गातून आईबापांकडे पाहतं आणि आता मला परत बोलावू नका म्हणतं.

स्वतःच्या आईपासून तोडलेली पोर गोऱ्या आयांचे डोळे पुसत होती. संग्रहातल्या एकाच कवितेत, एका इंग्रज सरदाराला उद्देशून लिहिताना, ती सरळ विचारते की मला पळवलं तेव्हा माझ्या बापाच्या छातीत काय कालवलं असेल. आफ्रिकेत एक बाई अशी होती की जिची मुलगी मेली नव्हती, पण तिला कधीच कळणार नव्हतं की ती समुद्रापलीकडे कवयित्री झाली.

गुलाम बायकांच्या शोकावर न्यूयॉर्कमध्ये तर कायद्याचा पहारा होता. १७२२ साली नियम झाला की गुलामांची दफनं सूर्यास्तापूर्वी व्हायला हवीत, आणि १७३१ साली मातीला बारापेक्षा जास्त जण येऊ नयेत असा. जमाव जमला तर बंड होईल, ही भीती. १९९१ साली मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खोदताना त्यांचं कब्रस्तान सापडलं. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले, त्यांत लहान मुलं फार. एका थडग्यात पंचविशी-तिशीतली बाई होती आणि तिच्या हाताच्या खोबणीत नवजात बाळ ठेवलेलं होतं. ते तसं ठेवणारे कदाचित दिवसाउजेडी आलेले जास्तीत जास्त बारा जणच असतील.

आता जरा विधवांकडे, कारण तिथे आशेला फार व्यवहारी रूप मिळतं. इंग्रजी कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्याचा वापर विधवेला हयातभर मिळायचा. मृत्युपत्रांत हे इतकं बारीक लिहिलेलं असे की वाचताना घर डोळ्यांपुढे उभं राहतं: पूर्वेकडची खोली, भट्टीत पाव भाजायचा हक्क, विहिरीपर्यंत जायची वाट, एका गायीचा चारा, वर्षाचं सरपण. सून आणि सासू एकाच चुलीवर, पण कागदावर वाटे पाडलेले. काही बायकांनी त्यापुढे मजल मारली. १७३८ च्या डिसेंबरात दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनमध्ये छापखानदार लुईस टिमोथी अपघातात वारला. बायको एलिझाबेथला सहा मुलं, सातवं पोटात. त्यांच्या वृत्तपत्राचा ४ जानेवारी १७३९ चा अंक वेळेवर निघाला. मथळ्याखाली नाव तेरा वर्षांच्या मुलाचं, काम आईचं. भागीदार कोण, तर बेंजामिन फ्रँकलिन. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं की नवऱ्याच्या हिशेबात कधी धड काही नसायचं, बायकोने मात्र तीन-तीन महिन्यांनी चोख हिशेब पाठवले. त्यावरून तो मुलींना गाण्यानाचापेक्षा हिशेब शिकवावा असा सल्लाही देतो. एलिझाबेथने पुढे तो छापखाना विकत घेतला. तिच्या दुःखाबद्दल फ्रँकलिन एक शब्द लिहीत नाही. हिशेबच लिहितो.

अठराव्या शतकाच्या शेवटी मात्र हवा बदलली. थडग्यांच्या शिळांवरूनच ते कळतं. सुरुवातीला पंख फुटलेली कवटी, मग गोबऱ्या गालांचा पंखवाला बाळदेवदूत, आणि १८०० च्या आसपास अस्थिकलश आणि त्यावर झुकलेला वीपिंग विलो. या वृक्षाची छाटलेली फांदी जमिनीत खोचली तरी रुजते, म्हणून शोकातही तो आशेचा. दीत्झ आणि डेथलफसन या दोघा संशोधकांनी १९६० च्या दशकात गावोगावच्या कबरी मोजून हा बदल कसा कसा पसरला ते दाखवलं. मरण हे आता इशारा न राहता आठवण होऊ लागलं.

याच वेळी मुलींच्या शाळांत रेशमावर शोकचित्रं भरायची लाट आली. १४ डिसेंबर १७९९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन गेला आणि देशभरच्या पोरी त्याच्या थडग्यापाशी रडणाऱ्या पांढऱ्या झग्यातल्या बायका रेशीमदोऱ्यांनी भरू लागल्या. कापडावर विलो, कलश, टेकडी, लांब एक चर्च. चेहरे आणि आकाश जलरंगात, बरेचदा शिकवणारीच्या हातचे. खरी विधवा मार्था वॉशिंग्टन मात्र यात कुठेच नाही. तिने नवऱ्याची खोली बंद केली, वरच्या माळ्यावर राहायला गेली, आणि नवऱ्याबरोबरची आपली पत्रं जाळून टाकली. तिची चारही मुलं तिच्याआधी गेली होती. सांत्वनाची पत्रं इतकी येत होती की १८०० साली काँग्रेसने तिला हयातभर टपाल फुकट केलं.

या रेशीमचित्रांतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे काही थडग्यांवर नावच नाही. मुलीने सगळं भरलं, फक्त शिळेची जागा कोरी सोडली. घरात तोवर कोणी मेलंच नव्हतं. कुटुंबाची नोंद भरलेल्या काही नमुन्यांतही मृत्यूच्या रकान्यात अशीच मोकळी जागा असते. चौदा-पंधरा वर्षांची पोर सुईदोऱ्याने आपल्या घरातल्या येणाऱ्या मृत्यूंची सोय करून ठेवते आणि तो कपडा चौकटीत घालून बैठकीत लावला जातो. आपल्याला हे अशुभ वाटेल, पण तो तिथे सुसंस्कृत घराचा दागिना होता.

आणि याच सुमारास मेलेल्या भावंडाचं नाव पाठच्याला देणं कमी होत गेलं. मूल आता एकमेव होऊ लागलं. एक सारा गेली तर तिची जागा दुसरी सारा भरू शकत नाही, असं आईबापांना वाटू लागलं. नाव घराबाहेर पडलं आणि अनोळखी माणसांकडे जाऊ लागलं. त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल गावची हॅरिएट ॲटवुड. वडील १८०८ साली गेले, आई नऊ मुलांसह मागे. १८१२ च्या फेब्रुवारीत हॅरिएटने सॅम्युएल न्यूएल या तरुण मिशनऱ्याशी लग्न केलं आणि दहा दिवसांत सेलम बंदरातून ‘कॅरव्हॅन’ जहाजाने हिंदुस्थानकडे निघाली. कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना थारा दिला नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच तिला मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईला क्षयाने हॅरिएटही गेली, वय एकोणीस. नवऱ्याने तिच्या आईला पत्र लिहून कळवलं. हेव्हरिलच्या त्या विधवेला मुलीचं थडगं कधी पाहता आलं नाही. तिच्या हाती आलं ते मुलीचं छापील चरित्र. १८१४ साली निघालेलं हे पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं. सॅम्युएल सिलोनमार्गे मुंबईला पोहोचला आणि गॉर्डन हॉल या मिशनऱ्याबरोबर तिथल्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागला. या मिशनने मराठी शाळा काढल्या, मराठी छापखाना चालवला, आणि पुढे १८४२ साली याच मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. मुंबईतच १८२१ साली पटकीने सॅम्युएल वारला.

हॅरिएट न्यूएल हे नाव तोवर अमेरिकेतल्या अनोळखी पाळण्यांत पोहोचलं होतं. तिचं चरित्र वाचलेल्या बायका आपल्या मुलींना ‘हॅरिएट न्यूएल’ अशी दोन्ही नावं जोडून ठेवू लागल्या, आणि त्यामागे आडनाव ज्याचं त्याचं. त्यांतली एक हॅरिएट न्यूएल नॉइस, १८४४ साली ओहायोत जन्मलेली. १८६८ साली ती चीनमध्ये कॅन्टनला गेली, १८७२ साली तिने तिथे मुलींची शाळा काढली, आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथेच शिकवत राहिली.